खोळंब्याचा भुर्दंड कोणी सोसायचा?

२०२५ च्या डिसेंबरचा पहिला आठवडा देशातील विमानप्रवाशांच्या दीर्घकाळ स्मरणात राहील. लग्नसराईचे दिवस होते. मुंबई, दिल्ली, पुणे, बंगळूर, हैदराबाद अशा सर्वच विमानतळांवर सामानाचे ढीग पडले होते. वेळापत्रकाच्या फलकावर एकामागून एक उड्डाणांपुढे ‘रद्द’ हा शब्द उमटत होता आणि खिडकीपलीकडील कर्मचाऱ्यांना प्रवाशांच्या प्रश्नांची उत्तरे देणे अशक्य झाले होते. ५ डिसेंबर या एकाच दिवशी इंडिगो या देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीची एक हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. देशांतर्गत विमानप्रवाशांपैकी निम्म्याहून अधिक लोक ज्या एका कंपनीच्या भरवशावर घराबाहेर पडतात, ती कंपनी अडखळताच अवघी वाहतूक अडखळली. इतर कंपन्यांच्या तिकिटांचे दर असे भडकले की, केंद्र सरकारला अखेर भाड्यावर कमाल मर्यादा घालावी लागली. रद्द झालेल्या तिकिटांचे पैसे ७ डिसेंबरच्या रात्री आठ वाजेपर्यंत परत करावेत, असा आदेशही सरकारने काढला.

हे संकट आकाशातून कोसळलेले नव्हते. त्या आठवड्यात वादळ झाले नव्हते की ज्वालामुखीचा उद्रेक झाला नव्हता. वैमानिकांना पुरेशी विश्रांती मिळावी म्हणून नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नवे नियम केले होते. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेण्यात आली होती आणि आठवड्यात रात्रीच्या वेळी विमान उतरविण्याची मर्यादा सहावरून दोनवर आणली गेली होती. हे नियम प्रसिद्ध झाले जानेवारी २०२४ मध्ये, आणि त्यांचा दुसरा टप्पा अमलात आला १ नोव्हेंबर २०२५ रोजी. म्हणजे तयारीसाठी जवळजवळ दोन वर्षे हाताशी होती. तरीही वैमानिकांचे गणित जुळले नाही. अखेर महासंचालनालयानेच या कंपनीला काही नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली आणि हळूहळू वेळापत्रक रुळावर आले. कंपनीला सवलत मिळाली. प्रवाशांना तिकिटाचे पैसे परत मिळाले. मग हिशेब मिटला असे म्हणावयाचे काय?

परतावा म्हणजे भरपाई नव्हे

येथे एक मूलभूत भेद ध्यानात घ्यावयास हवा. रद्द झालेल्या तिकिटाचे पैसे परत करणे म्हणजे परतावा. तो प्रवाशाचाच पैसा असतो. जी सेवा दिलीच नाही तिचे मोल स्वतःकडे ठेवून घेण्याचा अधिकार कंपनीला नसतो. खोळंबलेल्या प्रवाशाला जेवण, चहापाणी किंवा रात्रीच्या मुक्कामाला खोली देणे ही झाली सोय. आणि कंपनीच्या कसुरीमुळे त्याचे जे नुकसान झाले त्याबद्दल द्यावयाची रक्कम ती भरपाई. या तीन गोष्टी निराळ्या आहेत. परंतु विमानतळावरील गोंधळात त्या एकमेकींत बेमालूम मिसळून जातात आणि तिकिटाचे पैसे परत मिळाले म्हणजे आपल्याला मिळावयाचे ते सर्व मिळाले, अशी समजूत करून घेऊन प्रवासी घरी जातो.

नियमांत मात्र भरपाईची तरतूद आहे. महासंचालनालयाने २०१० साली प्रथम या विषयावर नियम केले आणि २०१६ साली त्यांत भरपाईच्या रकमा वाढविल्या. उड्डाण रद्द होणार असेल तर किमान दोन आठवडे आधी प्रवाशाला कळवावे आणि पर्यायी उड्डाण किंवा परतावा द्यावा, असा त्यातील मुख्य नियम. दोन आठवड्यांच्या आत, पण निदान चोवीस तास आधी कळविले, तर मूळ वेळेपासून दोन तासांच्या आत निघणारे दुसरे विमान द्यावे किंवा पैसे परत करावेत. याप्रमाणे कळविले नाही तर परताव्याखेरीज भरपाई देणे लागते. प्रवास एक तासापर्यंतचा असेल तर ५,००० रुपये, एक ते दोन तासांचा असेल तर ७,५०० रुपये आणि दोन तासांहून अधिक असेल तर १०,००० रुपये. तिकीट पक्के असूनही जागा नाही म्हणून विमानात घेतलेच नाही, तर रकमा याहून मोठ्या आहेत. एका तासाच्या आत दुसरे विमान दिले तर काही देणे लागत नाही. चोवीस तासांच्या आत दिले तर भाड्याच्या दुप्पट, पण १०,००० रुपयांपर्यंत. त्याहून उशीर झाला तर भाड्याच्या चौपट, पण २०,००० रुपयांपर्यंत. ही भरपाई रोख किंवा बँकेमार्फत द्यावयाची असते. पुढील प्रवासाचे कूपन प्रवाशाने मान्य केले तरच चालते.

हे ऐकावयास बरे वाटते. पण रद्द उड्डाणाच्या भरपाईला एक शेपूट जोडलेले आहे. वर सांगितलेली रक्कम किंवा मूळ भाडे अधिक इंधन अधिभार, यांपैकी जे कमी असेल ते द्यावे, असे नियम म्हणतो. मुंबई-नागपूर प्रवासाचे उदाहरण घेतले तर हे शेपूट किती लांब आहे ते कळते. समजा, एखाद्याने महिनाभर आधी तिकीट काढले आणि त्यात मूळ भाडे व इंधन अधिभार मिळून ३,५०० रुपये होते. उड्डाण आयत्या वेळी रद्द झाले तर त्याची भरपाई ७,५०० नव्हे, ३,५०० रुपये. दुसरीकडे, डिसेंबरच्या त्या आठवड्यात सरकारने ५०० ते १,००० किलोमीटरच्या प्रवासाला जी कमाल मर्यादा घातली ती होती १२,००० रुपये, आणि कर त्याहून वेगळे. म्हणजे सरकारने आटोक्यात आणलेल्या दराने दुसरे तिकीट काढले तरी हा प्रवासी परतावा आणि भरपाई दोन्ही मिळूनही हजारो रुपयांनी खोटात राहतो. जो दूरदृष्टीने लवकर तिकीट काढतो त्याला भरपाई कमी मिळावी, हा न्याय मोठा विलक्षण म्हणावा लागेल.

तासांना मोल नाही

रद्द उड्डाणाला निदान काही किंमत आहे. उशिराला तर तीही नाही. भारतातील नियमांनुसार अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तासांहून अधिक विलंब झाला तर खाणेपिणे द्यावे लागते. सहा तासांहून अधिक विलंब होणार असेल तर सहा तासांच्या आतील दुसरे विमान किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे, असा पर्याय द्यावा लागतो. विलंब चोवीस तासांहून अधिक झाला, किंवा रात्री आठ ते पहाटे तीन या वेळेत निघणाऱ्या विमानाला सहा तासांहून अधिक उशीर झाला, तर मुक्कामाची सोय करावी लागते. पण उशिरापोटी रोख भरपाई किती? शून्य. पाच तास खोळंबलेल्या प्रवाशाच्या हाती नियमाने पडते ते खाण्याचे पाकीट.

या पाच तासांत काय काय बुडू शकते, याचा विचार नियम करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. पुण्याहून दिल्लीला मुलाखतीला निघालेल्या तरुणाची मुलाखत बुडते. वडिलांच्या अंत्यदर्शनाला निघालेल्या लेकीला घरापुढे उरलेली माणसे भेटतात. रत्नागिरीहून रात्रीच्या गाडीने मुंबईला आलेला आणि तेथून आखातात कामावर रुजू व्हावयास निघालेला कामगार पुढचे जोडविमान गमावतो आणि रुजू होण्याची तारीखही. या सर्वांना खाण्याचे एकच पाकीट मिळते. विमानाचे तिकीट रेल्वेच्या कितीतरी पट महाग असते ते केवळ वेळ वाचतो म्हणून. विमान कंपनी आसन विकत नाही. ती वेळ विकते. विकलेली वस्तू द्यावयास चुकलेल्या दुकानदाराने गिऱ्हाइकाला सामोसा देऊन वाटेला लावावे, तसा हा प्रकार आहे.

उशीर का होतो, हेही पाहणे अगत्याचे आहे. एकेक विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या करते आणि दोन फेऱ्यांमध्ये ते जमिनीवर जेमतेम अर्धा तास थांबते. जितका वेळ ते हवेत असेल तितकी कमाई अधिक. म्हणून वेळापत्रक ताणून बांधलेले असते. सकाळच्या पहिल्या फेरीला तासाभराचा उशीर झाला की तो दिवसभर पुढे सरकत, वाढत जातो. ‘येणारे विमान उशिरा आल्यामुळे’ ही विमानतळावर नित्य ऐकू येणारी घोषणा म्हणजे या साखळीची कबुली होय. हा उशीर कमी करण्याचे उपाय विमान कंपन्यांना ठाऊक आहेत. फेऱ्यांमध्ये थोडी मोकळीक ठेवणे, एखादे विमान राखीव ठेवणे, वैमानिकांची संख्या गरजेपेक्षा थोडी अधिक ठेवणे हे ते उपाय. पण या प्रत्येकाला पैसा लागतो. उशिराची किंमत जोवर कंपनीला मोजावी लागत नाही, तोवर हा पैसा ती का खर्च करील? खर्च वाचतो कंपनीचा आणि त्याची भरपाई होते प्रवाशाच्या तासांतून. भरपाईचा नियम हा केवळ नाडलेल्या प्रवाशाचे अश्रू पुसण्यासाठी नसतो. वेळापत्रक कसे बांधावे याचे गणितच तो बदलतो. खरा मुद्दा हा आहे.

युरोपातील उदाहरण

युरोपीय संघाने हे गणित २० वर्षांपूर्वीच बदलले. २००४ सालचा २६१ क्रमांकाचा नियम १७ फेब्रुवारी २००५ पासून तेथे लागू झाला. अंतराप्रमाणे २५०, ४०० आणि ६०० युरो अशा ठराविक रकमा त्यात आहेत. तिकीट स्वस्त असो वा महाग, रक्कम तीच. आरंभी हा नियम रद्द उड्डाणांपुरता आणि विमानात प्रवेश नाकारण्यापुरता होता. परंतु १९ नोव्हेंबर २००९ रोजी युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला की, तीन तास किंवा त्याहून उशिरा मुक्कामी पोहोचणाऱ्या प्रवाशाची गैरसोय ही उड्डाण रद्द झालेल्या प्रवाशाहून निराळी नसते. सबब त्यालाही भरपाई मिळाली पाहिजे. त्याआधी २००८ च्या डिसेंबरात याच न्यायालयाने आणखी एक पळवाट बंद केली होती. विमानात तांत्रिक बिघाड होणे हा विमान चालविण्याच्या धंद्याचाच भाग आहे. केवळ तेवढ्या कारणाने ती ‘असाधारण परिस्थिती’ ठरत नाही, असे न्यायालयाने बजावले.

ब्रिटनने युरोपीय संघ सोडला, तरी हा नियम सोडला नाही. रकमा तेवढ्या पौंडांत आल्या. त्यातून निर्माण होणारी विसंगती भारतीय प्रवाशांना डोळ्यांत भरावी अशी आहे. ब्रिटनमधून निघणारे प्रत्येक उड्डाण, मग कंपनी कोणत्याही देशाची असो, त्या कायद्याखाली येते. त्यामुळे लंडनहून मुंबईला येणारे भारतीय कंपनीचे विमान बिघाडामुळे पाच तास उशिरा पोहोचले तर त्यातील प्रत्येक प्रवाशाला ५२० पौंड मागता येतात. तेच विमान, त्याच कंपनीचे, तितक्याच उशिराने मुंबईहून लंडनला गेले तर त्या कायद्याने काहीही देणे लागत नाही. लेकाकडे लंडनला जाऊन परतणाऱ्या पुणेकर आजी-आजोबांच्या वेळेला येताना मोल असते आणि जाताना नसते. माणसे तीच, विमान तेच. फरक फक्त उड्डाण कोणत्या भूमीवरून झाले याचा. खेदाची गोष्ट ही की, हा हक्क आपल्याला आहे याची वार्ताच अनेकांना नसते.

अर्थात युरोपातही हा नियम निर्विघ्न चाललेला नाही. तीन तासांची मर्यादा वाढवून द्यावी, असा विमान कंपन्यांचा आग्रह आहे आणि २०२५ च्या जूनमध्ये सदस्य राष्ट्रांच्या मंत्र्यांनीही त्या दिशेने कौल दिला. पण तेथील वाद भरपाई किती तासांनंतर द्यावी याचा आहे. द्यावी की नाही, हा प्रश्न तेथे मिटलेला आहे.

‘असाधारण’ कोणी ठरवायचे?

विमान कंपन्यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. जानेवारीत दिल्लीवर उतरणारे धुके, जुलैत मुंबईच्या धावपट्टीवर कोसळणारा पाऊस, लष्करी कारणांसाठी बंद होणारे आकाश यांचा दोष कोणत्याही कंपनीला देता येणार नाही. पुण्याचे लोहगाव हवाई दलाचे, गोव्याचे दाभोळी नौदलाचे. तेथील धावपट्ट्या केव्हा मोकळ्या मिळतील हे कंपनीच्या हाती नसते. धोक्याच्या हवेत विमान हाकण्याचा मोह भरपाईच्या भीतीने कोणाला होऊ नये, हेही खरेच. म्हणून नैसर्गिक आपत्ती, दंगल, संप, सरकारी आदेश, हवामान, सुरक्षेचा धोका अशा कारणांसाठी कंपनीला भरपाईतून सूट आहे आणि ती असावयास हवी. युरोपातही ती आहेच.

तक्रार सुटीविषयी नाही. सूट कोणी घ्यावयाची आणि कोणी तपासावयाची याविषयी आहे. आज कारण सांगते कंपनी, आणि ते खरे की खोटे हे ठरविण्याची साधने प्रवाशाजवळ नसतात. ‘परिचालनाच्या कारणास्तव’ असा मोघम संदेश भ्रमणध्वनीवर येतो आणि विषय संपतो. या शब्दांत धुकेही बसते आणि वैमानिक कमी पडल्याची कबुलीही बसते. डिसेंबरमधील गोंधळाच्या मुळाशी सरकारी नियम होता, हे खरे. पण दोन वर्षे आधी जाहीर झालेल्या नियमाला असाधारण परिस्थिती म्हणता येईल काय? परीक्षेची तारीख ठाऊक असूनही अभ्यास न करणाऱ्या विद्यार्थ्याने प्रश्नपत्रिकेला आपत्ती म्हणावे, तसे ते होईल. त्या प्रकरणात कंपनीने नियमाप्रमाणे देय असलेल्या ५,००० ते १०,००० रुपयांच्या भरपाईखेरीज, अत्यंत हाल झालेल्या प्रवाशांसाठी १०,००० रुपयांची प्रवास-कूपनेही जाहीर केली. देशभर ओरड झाली म्हणून हे झाले. एरवी कुठल्याशा मंगळवारी रद्द होणाऱ्या एकट्यादुकट्या उड्डाणातील दीडशे माणसांसाठी अशी ओरड कोण करणार?

कारण सिद्ध करण्याची जबाबदारी कोणाची, याविषयी सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल मार्गदर्शक आहे, आणि गंमत अशी की तो रेल्वेविरुद्धचा आहे. ११ जून २०१६ रोजी अजमेर-जम्मू एक्स्प्रेस सुमारे चार तास उशिरा पोहोचली आणि एका कुटुंबाचे जम्मूहून श्रीनगरला जाणारे विमान चुकले. त्यांना टॅक्सीने जावे लागले. ग्राहक मंचाने त्यांना टॅक्सीचे १५,००० रुपये, वाया गेलेल्या आरक्षणाचे १०,००० आणि मनस्ताप व खटल्याच्या खर्चापोटी प्रत्येकी ५,००० रुपये देवविले. सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय कायम केला. विलंब आपल्या आवाक्याबाहेरच्या कारणाने झाला हे रेल्वेने पुराव्यानिशी दाखविले पाहिजे. ते दाखविले नाही तर ती भरपाईस पात्र ठरते, असा त्याचा आशय होता. कोट्यवधी गरिबांना वाहून नेणाऱ्या रेल्वेला जर हा दंडक लागू असेल, तर नफ्यासाठी चालणाऱ्या विमान कंपन्यांना तो नियमातच का लिहून ठेवू नये?

दंड कोणाच्या तिजोरीत?

सरकार काहीच करीत नाही, असे नव्हे. जानेवारी २०२४ मध्ये गोव्याहून दिल्लीला निघालेले एक विमान धुक्यामुळे मुंबईला वळविण्यात आले. कित्येक तास रखडलेल्या प्रवाशांनी विमानाशेजारीच, उघड्या फरसबंदीवर बैठक मारून जेवण केले. त्याची छायाचित्रे देशभर पसरली. सुरक्षा विभागाने विमान कंपनीला १ कोटी २० लाख रुपये आणि मुंबई विमानतळाच्या चालकांना ६० लाख रुपये दंड केला. महासंचालनालयाने विमानतळाला आणखी ३० लाखांचा दंड केला. कारवाई तत्पर होती. पण दंड असा वसूल होतो तो सरकारी तिजोरीत जातो. त्या रात्री जमिनीवर बसून जेवलेल्या माणसांच्या हाती त्यातील एक पैसाही येत नाही. ज्याला लागले त्याच्या जखमेवर औषध न लावता मारणाऱ्याला शिक्षा केल्याचे समाधान मानावे, असाच हा न्याय आहे.

भरपाईमुळे भाडी वाढतील आणि सामान्य माणसाला परवडू लागलेला विमानप्रवास पुन्हा महाग होईल, असा एक आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. पण आज ही किंमत कोणी देतच नाही असे थोडेच आहे? ती आजही दिली जाते. फक्त ज्याचे विमान चुकले तो एकटा ती देतो. सर्वांच्या तिकिटावर थोडे रुपये वाढून नाडलेल्याला आधार मिळणार असेल, तर विम्याच्या तत्त्वात बसणारी ही वाटणी अधिक माणुसकीची ठरेल. शिवाय स्वस्त भाडे म्हणजे किमान सोयींतूनही सुटका, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच अमान्य केला आहे. धुक्यामुळे झालेल्या विलंबाबद्दल त्या खटल्यात कंपनीला दोषी धरले गेले नाही. परंतु कमी भाड्याची कंपनी असली तरी खोळंबलेल्या प्रवाशांच्या किमान सोयी करण्याचे कर्तव्य तिला टाळता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

दाद कशी मागावी?

नियम सुधारतील तेव्हा सुधारतील. तोवर प्रवाशाने हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. तिकीट, विमानात बसण्याची चिठ्ठी, कंपनीकडून आलेले संदेश, खाण्यापिण्याच्या, टॅक्सीच्या, हॉटेलच्या पावत्या जपून ठेवाव्यात. विलंबाचे कारण कंपनीकडून लेखी मागावे. तक्रार प्रथम कंपनीकडे लेखी करावी, नंतर सरकारच्या ‘एअरसेवा’ या व्यवस्थेकडे किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर न्यावी. तेथेही दाद न लागल्यास जिल्हा ग्राहक आयोगाचे दार मोकळे आहे. १९८६ च्या जुन्या ग्राहक संरक्षण कायद्यात ही वाट बिकट होती, कारण कंपनीचे कार्यालय असेल तेथे किंवा तक्रारीचे कारण घडले तेथे जावे लागे. २०१९ चा कायदा जुलै २०२० मध्ये अमलात आला आणि तक्रारदाराला आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करण्याचा अधिकार मिळाला. रत्नागिरीचा माणूस आज रत्नागिरीतच दाद मागू शकतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील केलाच पाहिजे असे बंधन नाही. तक्रार मात्र दोन वर्षांच्या आत व्हावयास हवी.

परदेशप्रवासासाठी १९९९ चा माँट्रियल करार आहे. भारतात तो ३० जून २००९ पासून लागू झाला. संयुक्त अरब अमिरात, सौदी अरेबिया, कुवेत हे देशही त्यात सामील असल्याने आखातात जाणाऱ्या कामगारालाही त्याचा आधार आहे. विलंबामुळे झालेले नुकसान टाळण्यासाठी आवश्यक ते सर्व उपाय योजले होते, हे कंपनीला सिद्ध करता आले नाही तर तिला ते भरून द्यावे लागते. करारातील ही मर्यादा डिसेंबर २०२४ पासून दरडोई ६,३०३ ‘विशेष आहरण अधिकार’ इतकी, म्हणजे सात लाख रुपयांहून अधिक आहे. मात्र येथे ठराविक रक्कम आपोआप मिळत नाही. प्रत्यक्ष नुकसान दाखवावे लागते. बुडालेल्या पगाराचा, नव्या तिकिटाचा, हॉटेलचा कागद हाती असला तरच दावा उभा राहतो. सामान उशिरा मिळाले तर ते मिळाल्यापासून २१ दिवसांत आणि मोडतोड झाली असेल तर सात दिवसांत लेखी तक्रार करावी लागते.

तीन-चार हजार रुपयांसाठी इतका खटाटोप कोण करणार, असे अनेकांना वाटते, आणि कंपन्यांची भिस्त नेमकी याच वाटण्यावर असते. पण हक्क बजावणाऱ्या एकट्या माणसामुळे नियम बदलल्याची उदाहरणे आहेत. १९७२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील ग्राहक चळवळीचे नेते राल्फ नेडर यांना पक्के तिकीट असताना विमानात घेतले गेले नाही, कारण कंपनीने जागांपेक्षा अधिक तिकिटे विकली होती. त्यांनी कंपनीला न्यायालयात खेचले. सरकारी नियंत्रण असले तरी फसवणुकीबद्दल प्रवाशाला कंपनीविरुद्ध दावा लावता येतो, असे १९७६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. पुढे १९७८ साली, जागा कमी पडल्यास आधी स्वखुशीने उतरणारे प्रवासी शोधावेत असा नियम अमेरिकेत झाला. भारतातील नियमांतही आज हेच तत्त्व आहे. आपल्याकडे या वाटेने चालण्याची परंपरा नाही असेही नव्हे. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी उभी केलेली ग्राहक पंचायत आणि १९७५ पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत यांनी ग्राहकाच्या हक्काची जाणीव महाराष्ट्रात कायदा होण्यापूर्वीच रुजविली.

तथापि प्रत्येक प्रवाशाने झगडावे आणि मग त्याला न्याय मिळावा, ही काही सुव्यवस्थेची खूण नव्हे. तिकीट काढताना प्रवाशाचे नाव, भ्रमणध्वनी क्रमांक, पैसे आले ते बँकखाते असे सारे काही कंपनीकडे नोंदलेले असते. पैसे घ्यावयास जे खाते चालते ते भरपाई द्यावयास का चालू नये? अर्ज न मागवता भरपाई त्याच खात्यात जमा झाली पाहिजे. तीन-चार तासांहून अधिक विलंबाला ठराविक रोख भरपाई असावी आणि ती भाड्याशी न बांधता अंतराशी बांधावी. प्रत्येक मोठ्या विलंबाचे कारण कंपनीने प्रवाशाला लेखी कळवावे आणि ते तपासण्याचा अधिकार महासंचालनालयाने वापरावा. २०१६ सालच्या रकमा महागाईबरोबर वाढाव्यात. डिसेंबर २०२५ मध्ये प्रवाशांना लागू झाल्या त्या नऊ वर्षांपूर्वी ठरलेल्याच रकमा होत्या. यांपैकी कोणतीही मागणी अवास्तव नाही.

१९५३ पासून १९९४ पर्यंत या देशात विमाने सरकारी महामंडळांची होती आणि उशीर झाला तर ‘सरकारी कारभार’ म्हणून प्रवासी कपाळाला हात लावीत. आता एअर इंडियादेखील सरकारची राहिलेली नाही. विमाने खाजगी झाली, विमानतळ झगमगीत झाले, नवी मुंबईचे नवे विमानतळही डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाले. पण त्या झगमगाटात फलकाकडे डोळे लावून बसलेल्या माणसाच्या हाती उशिरापोटी पडते ते खाण्याचे पाकीटच. त्याचे तिकीट दहा मिनिटे उशिरा येण्याने रद्द होते आणि कंपनी पाच तास उशिरा आली तरी तिचे काही जात नाही. हा करार दोघांतला आहे, तर वेळेचे बंधनही दोघांनाच असावयास हवे. नियमाच्या वहीत एवढी दुरुस्ती करणे सरकारच्या हातात आहे, आणि तिच्यासाठी पुढच्या डिसेंबरची वाट पाहण्याचे काहीच कारण नाही.